आईचा हक्क आणि भावाचा अर्ज

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण तो नीट मांडला की निम्मा गुंता सुटतो. तुम्ही मूळच्या सावंतवाडीच्या आणि लग्नानंतर म्हापशाच्या. तुमच्या यजमानांनी आपल्या वडिलांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे. तुमचा पासपोर्ट मात्र भारतीय आहे. २०२१ पासून तुम्ही दोघे आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ राहता, ते मांसप्रक्रियेच्या कारखान्यात आणि तुम्ही वृद्धांच्या शुश्रूषागृहात नोकरी करता. सावंतवाडीला तुमची ६६ वर्षांची विधवा आई आणि २६ वर्षांचा अविवाहित भाऊ एकत्र राहतात. वडील एसटीत होते, त्यामुळे आईला महिना २,४०० रुपये निवृत्तिवेतन मिळते. भावाला संगणकाच्या दुकानात ९,००० रुपये मिळतात. आणि तुम्ही आपल्या खात्यातून आईच्या खात्यात दरमहा साधारण २०,००० रुपये पाठवता. एजंटने दोघांनाही पर्यटक म्हणून आणून मग इथेच अर्ज करण्याचा सल्ला दिला आहे, आणि हे बरोबर आहे का, असे तुम्ही विचारता.

सल्ला बरोबर नाही, पण तो चूक का आहे हे कळण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. तुम्ही ‘आई आणि भाऊ’ असे एका दमात लिहिले आहे. घरात ते स्वाभाविकच आहे. कायद्यात मात्र या दोघांची जागा अगदी वेगळी आहे, आणि माझ्याकडे येणारी निम्मी नाकारलेली प्रकरणे हा फरक न ओळखता एकाच साच्यात भरलेल्या अर्जांची असतात.

युरोपीय संघाच्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला, की त्याच्या कुटुंबीयांचे हक्क २००४/३८ या क्रमांकाच्या निर्देशाने ठरतात. आयर्लंडमध्ये तो २०१५ च्या मुक्त संचार नियमावलीद्वारे लागू आहे आणि ही नियमावली १ फेब्रुवारी २०१६ पासून अमलात आली. निर्देशाच्या दुसऱ्या कलमात जवळच्या कुटुंबाची व्याख्या आहे: जोडीदार, २१ वर्षांखालील किंवा अवलंबून असलेली मुले-नातवंडे, आणि त्या नागरिकाचे तसेच त्याच्या जोडीदाराचे अवलंबून असलेले आईवडील किंवा आजीआजोबा. यातले ‘तसेच त्याच्या जोडीदाराचे’ हे शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचे आहेत. तुमची आई तुमच्या यजमानांची सासू असली तरी ती या व्याख्येत थेट बसते. अवलंबित्व सिद्ध झाले की तिला राहण्याचा हक्क आहे. तो देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही.

भाऊ, बहीण, काका, मावशी, चुलत-मामे भावंडे, भाचे-पुतणे हे मात्र तिसऱ्या कलमात येतात. तेथे कायदा एवढेच म्हणतो की, ज्या देशातून ते आले त्या देशात ते त्या नागरिकावर अवलंबून असतील, किंवा त्याच्या घरातले म्हणून राहत असतील, किंवा गंभीर आजारामुळे त्यानेच त्यांची जातीने काळजी घेणे अत्यावश्यक असेल, तर ज्या देशात जायचे आहे त्या देशाने त्यांचा प्रवेश व वास्तव्य सुलभ करावे, त्यांच्या परिस्थितीची सखोल तपासणी करावी आणि नकार दिल्यास कारणे द्यावीत. म्हणजे तुमच्या भावाला आयर्लंडमध्ये राहण्याचा हक्क नाही. आपल्या परिस्थितीची प्रामाणिक तपासणी मागण्याचा हक्क आहे. आयरिश नियमावलीत आई ‘क्वालिफाइंग फॅमिली मेंबर’ आणि भाऊ ‘परमिटेड फॅमिली मेंबर’ ठरतो. आईच्या रेसिडन्स कार्डासाठी ईयू-१ हा अर्ज, तर भावाला आधी ईयू-१ए हा अर्ज करून ‘परमिटेड’ म्हणून मान्यता मिळवावी लागते आणि मगच कार्डाचा प्रश्न येतो.

पुढे जाण्याआधी एक शंका मिटवते, कारण गोव्याच्या कुटुंबांकडून ती हमखास विचारली जाते. भाऊ तुमच्या यजमानांचा असता, तर मी त्याला हा रस्ता धरूच दिला नसता. ज्या वडिलांच्या नोंदीवरून एका मुलाला पोर्तुगीज नागरिकत्व मिळाले, त्यांच्याच नोंदीवरून दुसराही लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात स्वतःचा दावा करू शकतो, आणि मग त्याला कोणावर अवलंबून असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. अर्थात पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व जाते, हेही त्याने आधी समजून घ्यावे. सावंतवाडी मात्र पोर्तुगीज अमलाखाली कधीच नव्हती, त्यामुळे तुमच्या भावाला तो मार्ग नाही.

आता आईकडे येऊ. ‘अवलंबून’ या शब्दाचा अर्थ युरोपीय न्यायालयाने ९ जानेवारी २००७ रोजी जिया खटल्यात स्पष्ट केला, आणि त्या खटल्याची हकिगत तुमच्याशी विलक्षण जुळणारी आहे. स्वीडनमध्ये व्यवसाय करणाऱ्या एका जर्मन महिलेच्या चिनी सासूबाईंचा तो अर्ज होता. न्यायालयाने म्हटले की, त्या व्यक्तीला आपल्या मूळ देशात मूलभूत गरजा भागवण्यासाठी युनियन नागरिकाच्या (म्हणजे युरोपीय संघातील देशाच्या नागरिकाच्या) किंवा त्याच्या जोडीदाराच्या आर्थिक मदतीची गरज असली पाहिजे. ही गरज कोणत्याही योग्य पुराव्याने दाखवता येते. मात्र ‘मी यांना पोसेन’ एवढे नुसते वचन देऊन ती सिद्ध झाली असे मानायला कोणताही देश बांधील नाही. ती गरज का निर्माण झाली हा प्रश्न गौण आहे, असे न्यायालय १९८७ पासून लेबों खटल्यापासून सांगत आले आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, आपल्याकडे ज्याला फार वजन दिले जाते ते स्टॅम्पपेपरवरचे प्रतिज्ञापत्र इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. माझ्या टेबलावर चार-चार नोटरी शिक्के असलेली हमीपत्रे येतात आणि त्यांच्याखाली बँकेचा एकही उतारा नसतो. अधिकाऱ्याला महिन्याचा हिशोब हवा असतो. आईचे निवृत्तिवेतन २,४०० रुपये. किराणा, वीज, गॅस, औषधे, डॉक्टरांची फी मिळून खर्च किती. आणि मधली तूट कोण भरून काढते. हा हिशोब एका पानावर मांडा आणि प्रत्येक आकड्यामागे बिल किंवा पासबुकाची नोंद जोडा. किमान वर्षभराचे उतारे द्या. दोन वर्षांचे असतील तर उत्तम. वरच्या शब्दांत ‘किंवा त्याच्या जोडीदाराच्या’ असल्यामुळे आईच्या बाबतीत तुमच्या खात्यातून गेलेले पैसेही चालतात.

आईच्या नावावर घर किंवा जमीन असेल तर ते लपवू नका. राहते घर असणे म्हणजे उत्पन्न असणे नव्हे. सातबाऱ्यावर नाव आहे पण जमीन भाऊबंदांच्या सामाईक मालकीची आहे आणि तिच्यातून वर्षाला चार पोती भात येते, हे सरळ लिहिले की त्याचा त्रास होत नाही. तेच नंतर दुसऱ्या कागदातून उघड झाले, तर बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

भावाचे प्रकरण कठीण आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. येथे आधारभूत निर्णय ५ सप्टेंबर २०१२ चा रहमान खटल्याचा. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या आयरिश महिलेचा नवरा बांगलादेशी होता, आणि त्याचा भाऊ, सावत्र भाऊ व पुतण्या यांना यायचे होते. म्हणजे तेही युनियन नागरिकाच्या जोडीदाराकडचे नातेवाईक होते, तुमच्या भावासारखेच. न्यायालयाने त्यात दोन गोष्टी ठरवल्या. सदस्य देशाने अशा प्रत्येक नातेवाइकाला प्रवेश द्यावा अशी सक्ती नाही, पण त्याच्या कायद्यात असा अर्ज खरोखर तपासला जाईल अशी सोय असलीच पाहिजे. आणि अवलंबित्व हे तो नातेवाईक जेथून येतो त्या देशात, निदान तो त्या नागरिकाकडे येण्यासाठी अर्ज करतो त्या वेळी, अस्तित्वात असले पाहिजे.

एजंटचा सल्ला या दुसऱ्या मुद्द्यावर कोसळतो. भाऊ पर्यटक म्हणून कॉर्कला आला, तुमच्या घरी सहा आठवडे राहिला, तुमचेच खाल्ले-प्यायला, आणि त्या आधारावर ‘मी अवलंबून आहे’ असे म्हणू लागला, तर ते अवलंबित्व आयर्लंडमधले झाले. सावंतवाडीत काय परिस्थिती होती हा प्रश्न तसाच उभा राहतो. शिवाय पर्यटक व्हिसाच्या अर्जात त्याने ‘मी परत जाणार आहे, माझी नोकरी आहे, घर आहे’ असे लिहिलेले असते, आणि महिन्याभरात त्याच सरकारपुढे ‘माझे तेथे भागत नाही’ असे लिहावे लागते. दोन्ही कागद एकाच फायलीत येतात. ही विसंगती आईच्या बाबतीतही तितकीच घातक आहे, म्हणून दोघांनीही खरे कारण सांगूनच व्हिसा मागावा.

तुमच्या प्रकरणातली सर्वांत नाजूक जागा तुम्ही विचारलेल्या प्रश्नात नाही, सहज सांगितलेल्या तपशिलात आहे: पैसे तुमच्या खात्यातून जातात. आईसाठी ते चालते. भावासाठी मात्र आयरिश नियमावली ‘युनियन नागरिकावर’ अवलंबून असण्याची अट घालते, आणि तुमच्या घरात युनियन नागरिक एकटे तुमचे यजमान आहेत. शिवाय पैसे आईच्या खात्यात जातात. भावाच्या नावाने एकही नोंद नाही. फाइल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून ‘बहीण आईला पोसते आणि मुलगा आईपाशी राहतो’ एवढेच दिसेल. पती-पत्नीचा पैसा एकच असतो हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण कागदावर ते दिसले पाहिजे. तुमचे संयुक्त खाते असेल आणि यजमानांचा पगार त्यात जमा होत असेल, तर ते उतारे जोडा. नसेल, तर यापुढे यजमानांच्या खात्यातून थेट भावाच्या खात्यात रक्कम जाऊ द्या आणि अर्जाला घाई करू नका. अर्जाच्या तीनच महिने आधी सुरू झालेले आणि प्रत्येक वेळी अगदी सारख्या आकड्याचे पैसे पाहून अधिकारी काय समजतो, हे मी अनेक नकारपत्रांत वाचले आहे. कोणा गाववाल्याच्या हाती पाठवलेली रोकड तर पुराव्याच्या दृष्टीने पाठवलीच नाही असे समजा.

दुसरा प्रश्न त्याच्या ९,००० रुपयांच्या कमाईचा. थोडे कमावतो म्हणून अवलंबित्व संपत नाही. कमाई असूनही त्याच्या मूलभूत गरजा तुमच्या मदतीशिवाय भागत नाहीत, हे दाखवता आले पाहिजे. १६ जानेवारी २०१४ च्या रेयेस निर्णयात न्यायालयाने म्हटले की, दीर्घकाळ नियमितपणे मिळणारी आवश्यक रक्कम खऱ्या अवलंबित्वाची खूण असू शकते, आणि त्या व्यक्तीने नोकरी शोधण्याचा निष्फळ प्रयत्न केल्याचा पुरावा मागता येत नाही. तो खटला २१ वर्षांवरील मुलीचा होता, त्यामुळे भावाच्या अर्जात तो जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणणार नाही, पण त्यातला युक्तिवाद मी वापरते. उलट, तुमच्या पैशांतला मोठा भाग मोटारसायकलच्या हप्त्यात जात असेल, तर त्याला मूलभूत गरज म्हणणे अवघड आहे. आणि एक स्पष्टच सांगते: अर्ज बळकट व्हावा म्हणून भावाला नोकरी सोडायला लावू नका. नकार आला तर त्याच्या हातात ना नोकरी उरेल ना व्हिसा, आणि असे ओढूनताणून उभे केलेले अवलंबित्व तपासणीत टिकतही नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, ज्याच्याकडे एजंटने लक्ष दिलेले दिसत नाही: कॉलेजच्या काळात, २०१६ ते २०२०, भाऊ म्हापशाला तुमच्याच घरी राहत होता. येथे ‘घरातला सदस्य’ हा दुसरा आधार संभवतो. या शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेच युरोपीय न्यायालयाकडे पाठवला होता. तो खटला लंडनमध्ये एका घरात राहिलेल्या चुलत भावंडांचा होता आणि त्याचा निर्णय १५ सप्टेंबर २०२२ रोजी आला. त्यानुसार केवळ सोयीसाठी तात्पुरते एकत्र राहणे पुरत नाही. एका छपराखालच्या सामायिक संसारात तयार झालेले जवळचे, स्थिर नाते हवे आणि त्यात अवलंबित्व हवे. एकत्र राहण्याचा काळ किती होता हे महत्त्वाचे आहे, आणि तो मोजताना युनियन नागरिकत्व कोणत्या तारखेला मिळाले याने फरक पडत नाही. म्हणजे यजमानांचा पोर्तुगीज पासपोर्ट येण्याआधीची म्हापशाची वर्षेही धरता येतात.

तरी एकट्या या आधारावर मी विसंबले नसते. शिक्षणासाठी बहिणीकडे राहणे हे ‘सोयीसाठी’ होते असे अधिकारी म्हणू शकतो, आणि त्यानंतर तो आईकडे परतला ही वस्तुस्थिती आहेच. त्या चार वर्षांत त्याची फी, आजारपण, कपडालत्ता यजमानांनी केले होते का? कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून त्यांची सही आहे का? रेशनकार्डावर त्याचे नाव चढवले होते का? आधारवर म्हापशाचा पत्ता आहे का? भाडेकरारात राहणाऱ्यांच्या यादीत तो आहे का? रेशनकार्ड हा आपल्याकडचा अतिशय चांगला पुरावा आहे, कारण कुटुंब कोणाला म्हणायचे हे तेथे सरकारनेच लिहून दिलेले असते. परदेशी अधिकाऱ्यासाठी त्याचे प्रमाणित भाषांतर आणि दोन ओळींचा खुलासा जोडला की ते बोलू लागते. असे कागद मिळाले, तर अर्जात अवलंबित्व हा मुख्य आधार ठेवून घरातला सदस्य हा दुसरा आधार म्हणून मांडा.

गंभीर आजाराचा तिसरा आधार तुमच्या भावाला लागू नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही.

हे सगळे ज्यावर उभे आहे तो खांब म्हणजे यजमानांचे स्वतःचे वास्तव्य. तीन महिन्यांपेक्षा अधिक राहण्यासाठी त्यांनी नोकरी, व्यवसाय, शिक्षण किंवा पुरेशी साधने व आरोग्य विमा यांपैकी काहीतरी दाखवले पाहिजे. तुमची नोकरी कितीही पक्की असली तरी तुम्ही युनियन नागरिक नसल्याने केवळ तिच्यावर कुटुंबाचा हक्क उभा राहत नाही. मात्र यजमानांची नोकरी सुटून त्यांना ‘पुरेशी साधने’ या मार्गावर यावे लागले, तर त्या साधनांत तुमची कमाई धरता येते, हे आयर्लंडमधूनच गेलेल्या सिंग खटल्यात १६ जुलै २०१५ रोजी मान्य झाले. गोव्यात बोटीवरच्या नोकरीची परंपरा आहे आणि चांगला पगार मिळाला की पुन्हा बोटीवर जाण्याचा मोह होतो. अर्ज चालू असताना यजमानांनी आयर्लंडमधली नोकरी सोडून असे पाऊल उचलण्याआधी तुम्ही वकिलाशी बोला, कारण त्यांचा पाया सुटला तर तुमचे कार्ड, आईचे कार्ड आणि भावाचा अर्ज तिन्ही एकाच वेळी डळमळतात.

तुमच्यासारखा प्रश्न असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी, म्हणजे गैरसमज होणार नाही. ब्रिटनमध्ये स्विंडन किंवा साउथॉलला असलेल्या गोवेकर कुटुंबांना हे उत्तर आता लागू नाही. तेथे हा निर्देश ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपताच थांबला. अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठी, नाते त्या तारखेपूर्वीचे असेल तर, युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या तेथील सेटलमेंट योजनेत अजून वाट आहे. भाऊ-बहीण, पुतणे-भाचे यांनी मात्र त्या तारखेपूर्वीच जुन्या नियमांखाली अर्ज केलेला असणे आवश्यक होते, आणि ज्यांनी चुकून दुसऱ्याच प्रकारचा अर्ज भरला त्यांनाही २०२२ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायाधिकरणाने दिलासा दिला नाही. दुसरे असे की, डब्लिनमध्ये बरीच वर्षे राहून आयरिश नागरिक झालेल्या मराठी मंडळींनाही हा मार्ग आयर्लंडमध्ये नाही. हा कायदा दुसऱ्या सदस्य देशात गेलेल्या नागरिकासाठी आहे. स्वतःच्याच देशात राहणाऱ्याला तेथील देशांतर्गत नियम लागू होतात, आणि ते बरेचदा अधिक कडक असतात.

नकार आलाच, तर तो कारणांसह लेखी मिळाला पाहिजे. पत्रात दिलेल्या मुदतीत फेरतपासणी मागता येते आणि त्यानंतर उच्च न्यायालयात जाता येते. तिसऱ्या कलमातील अर्जदारालाही आपल्या प्रकरणातील तथ्यांसह तपासणी करू शकेल असा न्यायालयीन उपाय मिळाला पाहिजे, हे १२ जुलै २०१८ च्या बँगर निर्णयाने पक्के केले आहे. पण माझा अनुभव असा आहे की नकारानंतर जोडलेला चांगला कागद पहिल्या अर्जात जोडलेल्या साध्या कागदाइतके काम करत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आईचा अर्ज तयार व्हायला फार वेळ लागू नये. तिचे कागद बहुतेक तुमच्या हाताशी आहेत. तुमचा जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र यांतील नावे जुळतात का ते आधी पाहा, कारण लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीचे आईशी नाते सिद्ध करताना तेथेच गाडी अडते. राजपत्रातील नोंद किंवा शाळा सोडल्याचा दाखला अशा वेळी उपयोगी पडतो. भावाचा अर्ज त्याच दिवशी भरलाच पाहिजे असे नाही. मात्र आई निघून आल्यावर तिच्या खात्यात जाणारे पैसे थांबतील, आणि त्या पैशांवर भावाचेही घर चालत होते याचा माग त्याबरोबर पुसला जाईल. तेव्हा आईचे तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी, या महिन्यापासूनच, भावाच्या वाट्याची रक्कम यजमानांच्या खात्यातून त्याच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या, आणि आईच्या पासबुकाची आजवरची सगळी पाने तिच्याकडून स्कॅन करून घ्या.